उज्ज्वलाचे शनिवार

उज्ज्वला गेल्याची बातमी मला माझ्या मुलीने सांगितली. दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घरात मी सकाळचे डबे भरत होते. केतकी तिच्या खोलीतून आली, फ्रिजला पाठ टेकून फरशीवरच बसली आणि म्हणाली, "आई, उज्ज्वलामावशी गेली." मराठीत म्हणाली. एरवी ही मुलगी मला मीठ दे म्हणायचं तरी इंग्रजीत म्हणते. "कुणी सांगितलं?" मी विचारलं. "श्रीरंगकाकांचा फोन होता आत्ता." मी डबा ओट्यावर ठेवला, हात पुसले आणि माझा फोन पाहिला. एकही मिस्ड कॉल नव्हता... माझी इतक्या वर्षांची मैत्रीण गेली होती, आणि माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं, तर तिच्या नवऱ्याने, श्रीरंगभाऊजींनी, मला का नाही केला फोन? हिला का केला? रडू नंतर आलं. आधी हे आलं. मग भाऊजींचा मलाही फोन आला, मी काय बोलायचं ते बोलले, शारजाला गेले, सगळं झालं. पण तो पहिला विचार काही मनातून गेला नाही. आता काही महिन्यांनी हे लिहायला बसलेय तर तोच पुन्हा पुढे येऊन उभा राहतोय. तेव्हा उज्ज्वलाबद्दल लिहायचं तर हेवा वगळून मला लिहिता येणार नाही. तो आमच्या मैत्रीत बहुतेक पहिल्यापासूनच होता, आणि माझ्याच बाजूने होता.

आम्ही भेटलो ते दुबईच्या देऱ्यातल्या एका कंपनीत. मोटारींचे सुटे भाग सगळ्या आखातात विकणारी कंपनी. तिच्या गोडाऊनमागे आयटीची एक लहानशी खोली होती, एसी इतका की ऐन जुलैत स्वेटर घालून बसावं लागे. मी ठाण्याची, ती नाशिकची. दोघींची लग्नं नवी, दोघींचे नवरे आधीपासून इथे. घरंही शारजात, अल मजाजला, एकाच बिल्डिंगमध्ये निघाली. सकाळी एका पठाणाच्या कार-लिफ्टमधून, म्हणजे महिन्याच्या पैशांवर चार जणांना नेणाऱ्या गाडीतून, आम्ही दुबईला यायचो आणि संध्याकाळी त्याच गाडीतून ट्रॅफिकमध्ये अडकत परत. खोलीत एक काळं कपाट होतं, गुणगुणणारं. ती आमची एएस-फोर हंड्रेड, कंपनीचा मोठा कॉम्प्युटर. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, माउस नाही, चित्रं नाहीत. कंपनीतला प्रत्येक बोल्ट कुठल्या रॅकवर आहे, कुणाला विकला, हे सगळं तिच्या पोटात. पुढे त्या सिस्टिमची नावं दोन-तीनदा बदलली, पण त्यावर काम करणारी माणसं तिला अजून फोर हंड्रेडच म्हणतात. खरं सांगायचं तर त्या खोलीत मी उज्ज्वलापेक्षा हुशार होते. प्रोग्रॅम मी भराभर लिहायचे. ती तासभर नुसतं वाचत बसायची. "अगं, लिही ना आता," मी म्हणायचे. "थांब गं," ती म्हणायची, "हे ज्याने लिहिलंय त्याच्या मनात काय होतं ते कळू दे."

काही वर्षांनी मी ती कंपनी सोडली. सगळेच म्हणत होते की हिरव्या पडद्यांचे दिवस संपले, आणि मला तर ते आधीच दिसलं होतं. मी नवीन शिकले, मग त्याहून नवीन, मग क्लाउड. सर्टिफिकेटं घेतली, ती दोन-तीन वर्षांनी बाद झाली की पुन्हा घेतली. हुद्दे वाढत गेले. शारजा सोडून आम्ही दुबईत राहायला आलो. जायच्या दिवशी उज्ज्वलाला म्हटलं, "तूही बाहेर पड. तुझ्याएवढं बारकाईने काम करणाऱ्याला कुणीही घेईल." ती कपडे वाळत घालत होती. चिमटा तोंडात धरून म्हणाली, "मला हेच अजून पुरतं कळलेलं नाही. अर्धवट सोडून कुठे जाऊ?" मला तिची कीव आली होती तेव्हा. ती कीव फार दिवस टिकली नाही.

कारण मग असं दिसायला लागलं की ही बाई साडेपाचला ऑफिसातून निघते, घराजवळच्या खालिद लगूनभोवती नवऱ्याबरोबर फेरी मारते आणि रात्री झोपते. मला कधीची शांत झोप नव्हती. दर नव्या साहेबापुढे मला पहिल्यापासून सिद्ध करावं लागायचं, आणि तिच्याकडे मात्र गोडाऊनचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, मॅनेजर ईदला स्वतःच्या हाताने बकलावा घेऊन यायचा. "मॅडम उज्वल, तुम है तो हम है," असं मोडक्या हिंदीत म्हणायचा. करोनात माझी नोकरी गेली. व्हिडिओ कॉलवर अगदी गोड शब्दांत गेली. माझा व्हिसा नवऱ्याच्या नावावर घेतला आणि मी घरात बसून सीव्ही पाठवत राहिले. त्याच दिवसांत उज्ज्वलाने नाशिकला परत जायचं म्हणून राजीनामा दिला होता, आणि तिच्या कंपनीने हातापाया पडून तिला थांबवून घेतलं. ती मला हे सांगतही नव्हती, भाऊजींच्या तोंडून निघून गेलं. मी हसून "अरे वा" म्हटलं आणि घरी येऊन भांडी इतकी आपटली की नवरा उठून आत आला. मला पुढे नोकरी लागली, चांगली लागली. पण जुनं धरून बसलेली ती सुरक्षित आणि सतत नवं शिकणारी मी रस्त्यावर, हा हिशेब काही मला लागला नाही.

आणि मग केतकी. केतकी इथल्याच एका युनिव्हर्सिटीतून कॉम्प्युटरची डिग्री घेऊन बाहेर पडली तेव्हा बाजारात तिच्यासारख्यांना काम उरलं नव्हतं. नवशिक्यांनी करायची कामं आता यंत्रच करतात, असं तिला प्रत्येक इंटरव्ह्यूमध्ये कुणी ना कुणी सांगायचं. ती खोलीचं दार लावून बसायला लागली. मी काही सुचवलं की "आय नो, आई" एवढंच. अशात गणपती आले. उज्ज्वलाकडे दीड दिवसाचा असायचा. आरती झाली, आम्ही खिरापत वाटत होतो आणि तिला गोडाऊनमधून फोन आला की पावत्या निघत नाहीयेत. ती आतल्या खोलीत गेली, तिथल्या कॉम्प्युटरवरून तिला कंपनीची फोर हंड्रेड उघडता यायची. केतकी खिरापतीची वाटी घेऊन तिच्या मागे गेली, कंटाळली होती म्हणूनच. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला, "व्हॉट इज धिस? इट्स सो अग्ली!" आणि उज्ज्वलाचं हसणं. मी दारात गेले. पडद्यावर एक ओळ चमकत होती. उज्ज्वला तिला सांगत होती, "हे बघ, याला काहीतरी अडचण आली. हे कोसळत नाही. जिथे अडलंय तिथे थांबतं आणि आपल्याला विचारतं, पुढे काय करू? आपण उत्तर देईपर्यंत वाट बघतं." केतकीने वाटी खाली ठेवली. "इट वेट्स? फॉर अ ह्यूमन?" "हो गं. माणसाचीच वाट बघतं." कितीतरी महिन्यांनी मी माझ्या मुलीच्या चेहऱ्यावर कुतूहल पाहिलं. ते मला आणता आलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी ती शारजाला गेली. त्याच्या पुढच्याही. मेट्रो, मग बस, मग चालत, इतका खटाटोप करून. घरी आली की मराठीत बोलायची, आणि तेही उज्ज्वलाचं मराठी... "हो ना गं", "मग काय तर" असलं. मी तिला लहानपणी मराठी बोल म्हणून किती मागे लागले असेन, तेव्हा ओठ आवळून बसायची. एक दिवस गाडीत मी विषय काढला.

"केतकी, हे छंद म्हणून ठीक आहे. पण तू करिअर म्हणून बघत असशील तर तसं नको. ती सिस्टिम मरायला टेकलीय."

"एव्हरीबडी सेज दॅट. मावशी सेज दे सेड इट व्हेन शी जॉइन्ड ऑल्सो."

"त्यातल्या नोकऱ्या निघतात कधी माहितीय? कुणी रिटायर झालं किंवा कुणी मेलं तर. तेवढ्याच."

"आणि तुझ्या फील्डमध्ये कधी निघतात?" ती मराठीत म्हणाली. मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मावशी समजावते तेव्हा एकदाही फोन बघत नाही, आई."

त्या आठवड्यात मी ऑफिसातून परस्पर अल मजाजला गेले. उज्ज्वलाने चहा टाकला. मी उभ्यानेच बोलले, "तू तिला शिकवू नकोस. तू आणखी काही वर्षांनी निवृत्त होशील, तुमचे मालक ते मशीन मोडीत काढतील, आणि माझी मुलगी तिशीत अडाणी ठरेल. हे असं काही शिकण्यात आता अर्थ आहे का, तूच सांग." मला वाटलं होतं ती भांडेल. ती चहा गाळत म्हणाली, "मशीन जाईल हे खरंच आहे. कधी ते मला सांगता येत नाही. मी येऊन लागले तेव्हापासून ते पुढच्या वर्षी जाणार आहे." मग माझ्यापुढे कप ठेवून म्हणाली, "पण तुला एक सांगू? तिला कुणी एखादी गोष्ट तळापर्यंत बघूच दिलेली नाही. वरवरचं पुष्कळ शिकलीय. या मशीनमध्ये तळ दिसतो. एकदा तो दिसला की मग ती पुढे काहीही शिको. तुझंच बघ ना. तू पुढे एवढं काय काय शिकलीस ते इथे शिकलीस म्हणून." मी म्हटलं, "ते वेगळं." "असेल," ती म्हणाली. "मुलगी तुझी आहे. तू नको म्हणत असशील तर नाही शिकवणार." आणि तिने माझ्यासमोर केतकीला फोन लावला. "केतू, आईला पटत नाहीये गं. तिला पटेपर्यंत आपण थांबू या." एवढंच. आवाजात राग नाही, टोमणा नाही. मला तो चहा कडू लागला. मी जिंकून परत आले होते आणि मला वाटत होतं की हिने मला पुन्हा मागे टाकलं.

केतकी माझ्याशी बोलेनाशी झाली. जेवायला यायची, ताट घासून ठेवायची, खोलीत जायची. ते मला झेपेना. एका शनिवारी सकाळी मीच गाडीची किल्ली घेतली आणि म्हटलं, "चल, सोडते तुला." पुढचे काही शनिवार मीच तिला नेत होते. बाहेरच्या खोलीत भाऊजींबरोबर बसून मी त्यांच्या शेअर बाजाराच्या गोष्टी ऐकायचे आणि कान सगळे आत. एकदा चहा द्यायला म्हणून आत गेले. मशीनच्या त्या जुन्या भाषेत प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली असते, एक घर इकडेतिकडे झालं की सगळं अडतं. केतकीचं कधीपासून अडलं होतं, आणि उज्ज्वला तिला मुद्दाम सांगत नव्हती. माझी नजर पडद्यावर गेली आणि तोंडातून निघून गेलं, "अगं, सहाव्या रकान्यात सी नाही टाकलास." दोघींनी वळून पाहिलं. उज्ज्वला टाळी वाजवून ओरडली, "बघ! म्हटलं नव्हतं तुला? तुझी आई आमच्या सगळ्यांत हुशार होती!" केतकी माझ्याकडे बघत राहिली. "आई, यू नो धिस?" तसं तिने माझ्याकडे ती लहान असताना बघितलं होतं, मी तिला पहिल्यांदा पोहून दाखवलं तेव्हा. मी ट्रे ठेवला आणि बाहेर आले. सुख झालं, नाही असं नाही. पण माझ्या मुलीला माझी हुशारी दिसायला उज्ज्वलाच्या घरात यावं लागलं, हेही लगेच टोचलं.

मग केतकीला गाडीचं लायसन्स मिळालं. इथे ते मिळवणं म्हणजे एक दिव्यच असतं, आम्ही पेढे वाटले. त्यानंतर माझी गरज उरली नाही. मला एक नवं प्रोजेक्ट मिळालं होतं, त्यात शनिवारही जायला लागले. उज्ज्वलाला फोन केला की म्हणायची, "सध्या जरा धावपळ आहे गं, पुढच्या महिन्यात भेटू." संक्रांतीला बोलावलं तर पाहुणे आहेत म्हणाली. मला वाटलं, हिला आता माझी मुलगी पुरते. दरम्यान केतकीला नोकरी लागली, उज्ज्वलाच्याच कंपनीत, तिच्याच हाताखाली. मी विचारलं, "आत्ता अचानक त्यांना दुसरं माणूस कशाला हवंय?" केतकी म्हणाली, "जस्ट लाइक दॅट." माझ्याकडे न बघता म्हणाली. मला तेव्हा कळायला हवं होतं असं लोक म्हणतात. मला नाही कळलं.

रमजानच्या दिवसांत एका संध्याकाळी मी पुरणपोळ्या केल्या होत्या, त्या घेऊन न सांगताच अल मजाजला गेले. दार भाऊजींनी उघडलं आणि ते दारातच थबकले. उज्ज्वला सोफ्यावर उशांना टेकून बसली होती. ती निम्मी झाली होती. डोक्याला ओढणी गुंडाळलेली. मला बघून हसली आणि म्हणाली, "ये. पोळ्यांचा वास आला मला." स्वादुपिंडाचा कर्करोग. दिवाळीच्या आधी कळला होता. कंपनीला माहीत होतं, कॅनडातल्या तिच्या मुलाला माहीत होतं आणि केतकीला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला नाही.

मी भांडले तिच्याशी. आजारी माणसाशी कुणी भांडत नाही, मी भांडले. "तिला सांगितलंस! परवाच्या पोरीला! आणि मला नाही?"

"तुला सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"काय म्हणजे? डॉक्टर शोधले असते. रिपोर्ट मुंबईला पाठवले असते. तुला उचलून घेऊन गेले असते."

"तेच," ती म्हणाली. "तू मला वाचवायला निघाली असतीस. मी तुला ओळखते ना. आणि डॉक्टर जे सांगायचं ते सांगून मोकळे झाले होते गं, मिने... मला शनिवार हवे होते."

ती दमली, उशीवर मागे रेलली. मग पोळीचा एक तुकडा तोडून तुपात बुडवला, जिभेवर नुसता ठेवला आणि म्हणाली, "मला एवढ्या वर्षांत जे कळलं ते कुणाला तरी सांगून जायचं होतं. माझ्या मुलाला त्यात रस नाही. तुला सांगायचं तर तुला आधीच येत होतं. तू ऐकून घेतलं नसतंस." मी हसले, ती हसली. बाहेर इफ्तारची तोफ झाली आणि मशिदीतून अजान आली. त्यानंतर मी अधूनमधून जात होते, पण नीट बोलणं झालं ते त्या संध्याकाळचंच.

ती गेली तेव्हा कंपनीने केतकीला तिच्या जागी बसवलं. गाडीत मी केतकीला जे म्हटलं होतं ते अक्षरशः खरं झालं. अशा नोकऱ्या कुणी गेल्यावरच निघतात. केतकीने मला त्याची आठवण करून दिली नाही, मीही काढली नाही. आणि माझं दुसरं म्हणणंही खरं ठरतंय. मालकांनी आता नवीन सिस्टिम घ्यायचं ठरवलंय, हे मशीन जाणार. मी केतकीला विचारलं, "मग झालं ना तुझं? काय उपयोग झाला?" ती म्हणाली, नवीन सिस्टिम बसवायला जी मंडळी आलीत त्यांना जुन्यात काय चालतं ते माहीत नाही. कुठल्या गिऱ्हाइकाला कुठल्या भावाने काय द्यायचं, कुठला माल परत घ्यायचा, हे सगळं त्या हिरव्या ओळींत लिहिलेलं आहे आणि त्या वाचणारी ती एकटी आहे. ती त्यांना एकेक प्रोग्रॅम वाचून दाखवते. तो नवीनमध्ये नीट उतरला की जुना बंद करायचा. "सो आय अ‍ॅम द वन स्विचिंग इट ऑफ," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. त्यातलं किती रडणं मशीनसाठी होतं आणि किती मावशीसाठी, मी विचारलं नाही. जुनं ते शिकावं का, याचं उत्तर मला कुणी विचारलं तर मी अजून सरळ देऊ शकत नाही. माझ्या मुलीला त्यातून जे मिळालं ते माझ्या कुठल्याच सर्टिफिकेटातून मला मिळालं नाही, एवढं मात्र मी बघितलंय. आणि जे मिळालं त्यात ती भाषा किती आणि ती बाई किती, हे वेगळं काढता येत नाही.

परवाच्या शनिवारी आम्ही दोघी अल मजाजला गेलो होतो. भाऊजी नाशिकला परत चाललेत, घर रिकामं करायचंय. स्वयंपाकघरातल्या बरण्या मी पुसून खोक्यांत भरत होते, भाऊजी साड्यांच्या घड्या हातात घेऊन कुठे ठेवू म्हणून उभे होते. आतली खोली अजून तशीच होती. टेबलावर कॉम्प्युटर आणि त्यापुढे शेजारी शेजारी दोन खुर्च्या. केतकीला ऑफिसचा फोन आला आणि ती सवयीने आत जाऊन डावीकडच्या खुर्चीवर बसली. मग तिने हाक मारली, "आई, जरा येतेस? मला हे कळत नाहीये."

मी हात पुसत गेले. उभी राहूनच बघायला लागले तर ती म्हणाली, "बस ना." मी उज्ज्वलाच्या खुर्चीवर बसले. उज्ज्वला माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच होती, खुर्ची तिच्या मापाने वर घेतलेली. माझे पाय जमिनीला टेकेनात.

"खाली करू का?" केतकीने विचारलं. "साइडला लिव्हर आहे."

"राहू दे," मी म्हटलं, आणि पाय तसेच लोंबते ठेवून पडद्यावरच्या पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.